न येणारा पेशंट

(गेल्या गणेशोत्सवात आपल्या व्याख्यानमालेत हैदराबादच्या एका फॅमिली डॉक्टरांनी केलेले भाषण. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



मंडळाने मला विषय दिला होता 'मधुमेह आणि रक्तदाब : आपण घ्यावयाची काळजी'. विषय चांगला आहे. पण मागच्या खोलीत आपल्या भगिनी उकडीचे मोदक वळताहेत, त्यांचा वास इथपर्यंत येतो आहे, आणि अशा वेळी मी गोड खाऊ नका असं सांगायला लागलो तर तुम्ही मला पुढच्या वर्षी बोलावणार नाही. शिवाय काय खावं, किती चालावं, हे आता तुम्हाला माझ्याइतकंच पाठ आहे. म्हणून अध्यक्षांच्या परवानगीने मी विषय जरा उलटा करतो. तुम्ही कुठे चुकता हे न सांगता, आम्ही खासगी दवाखाना चालवणारे फॅमिली डॉक्टर कुठे चुकतो, ते सांगतो. आम्ही म्हणजे मी. दुसऱ्याचं कशाला सांगू?

मी काचीगुड्याला १९८७ साली दवाखाना थाटला. एक खोली, मध्ये पडदा, बाहेर दोन बाकं. कंपाउंडर पुड्या बांधायचा, मिक्स्चरच्या बाटलीला कागदाची खुणेची पट्टी चिकटवायचा. इथल्या जुन्या मंडळींना ती पट्टी आठवत असेल. तेव्हा येणारे आजार म्हणजे ताप, जुलाब, खोकला, मलेरिया, विषमज्वर. पेशंट कण्हत यायचा, मी तीन दिवसांचं औषध द्यायचो आणि म्हणायचो, "बरं नाही वाटलं तर परत या." हे वाक्य मी दिवसातून पन्नास-साठ वेळा म्हणत असेन. पेशंट परत आला नाही, तर त्याचा अर्थ सरळ होता. माणूस बरा झाला.

आमचा सगळा धंदा या एका समजुतीवर उभा होता. बाकं, पडदा, फी, वेळ, सगळं त्या हिशेबाने. कोण आलं त्याला बघायचं. कोण आलं नाही, याचा विचार करायचं कारणच नव्हतं.

पुढे पंधरा-वीस वर्षांत बाकांवरची माणसं बदलली. म्हणजे माणसं तीच, आजार बदलले. ज्याच्या मलेरियाला मी क्लोरोक्विन दिलं होतं, तोच आता साखर घेऊन यायला लागला. आज देशाचा आकडा काय आहे? भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यात मधुमेही १० कोटींच्या वर निघाले, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले १३ कोटींच्या वर. प्रौढांमध्ये रक्तदाब जास्त असलेले ३५ टक्के. म्हणजे या मांडवात, अध्यक्षसाहेबांना धरून, दर तिसरा माणूस. (हशा) हे आजार दुखत नाहीत, खुपत नाहीत, आणि बरेही होत नाहीत. सांभाळायचे असतात. पण आमचा दवाखाना मात्र १९८७ चाच राहिला. मीसुद्धा तेच वाक्य म्हणत राहिलो, बरं नाही वाटलं तर परत या. मधुमेहाच्या पेशंटला बरं न वाटायला दहा वर्षं लागतात हो! आणि वाटतं तेव्हा बहुतेक उशीर झालेला असतो.

मला हे कळलं ते पुस्तकातून नाही. एका मास्तरांमुळे कळलं.

मास्तर चित्रकलेचे शिक्षक. निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती. माझ्याकडे मधुमेहासाठी दर महिन्याला येत. येताना खिशात पेन्सिलीचा तुकडा असायचाच, बाकावर बसल्या बसल्या वर्तमानपत्राच्या कडेला पेशंटांची चित्रं काढायचे. २०१२ च्या दिवाळीनंतर त्यांचं येणं थांबलं. मला पत्ताही नाही. दिवसाला साठ पेशंट बघणाऱ्या माणसाला एक कमी झाला हे कसं कळणार? ते आले थेट २०१४ च्या उन्हाळ्यात, मुलाच्या खांद्यावर हात टाकून. देवळात भर दुपारी अनवाणी प्रदक्षिणा घातल्या होत्या. तापलेल्या फरशीने तळव्याला फोड आला, तो त्यांना कळलाच नाही. पायाची संवेदना गेलेली. घरात वास यायला लागला तेव्हा सुनेने पाय बघितला. मी त्याच दिवशी इस्पितळात पाठवलं. आधी दोन बोटं काढली, मग गुडघ्याखाली पाय.

तीन महिन्यांनी मी त्यांच्या घरी गेलो. खुर्चीत बसले होते. वहिनींनी चहा दिला. मी साहजिकच म्हणालो, "मास्तर, तुम्ही मधे यायचंच बंद केलंत." ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "डॉक्टर, विम्याचा हप्ता चुकला तर पत्र येतं. दूधवाल्याचे पैसे राहिले तर तो दार वाजवतो. मी दीड वर्ष आलो नाही, तुम्हाला कळलं नाही?"

रागाने नाही म्हणाले. खरोखर विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

का थांबले होते, तेही त्या दिवशी कळलं. दिवाळीनंतर त्यांची साखर वाढलेली होती आणि मी बाहेरच्या बाकावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं होतं, "मास्तर, मुलांना शिस्त शिकवलीत, स्वतःला नाही का शिकवता आली?" मला हे आठवतसुद्धा नव्हतं. माझ्या दृष्टीने तो विनोद होता. बाहेर त्यांचे दोन माजी विद्यार्थी बसले होते. पुढच्या महिन्यात साखर कमी करून मग जाऊ, असं त्यांनी ठरवलं. ती कमी झाली नाही, मग कोणीतरी कारल्या-जांभळाची पूड दिली, आणि पुढे यायची लाज वाटायला लागली.

त्या वर्षी दिवाळीची चार दिवस सुट्टी होती. दवाखान्यातली जुनी कार्डं मी बुटांच्या खोक्यांत ठेवायचो. ती सगळी खोकी घरी आणली आणि मी व सौ. फराळाच्या ताटाशेजारी पसरून बसलो. मधुमेह किंवा बीपी लिहिलेली कार्डं वेगळी काढली. २११ निघाली. त्यातली ९४ माणसं सहा महिन्यांत फिरकलेली नव्हती. सौ. म्हणाली, "म्हणजे एकटे मास्तरच नाहीत."

आता यावर उपाय काय, हे कुठेतरी लिहिलेलं असणार म्हणून मी शोधायला लागलो, आणि थोडी गंमत वाटली. उपाय जुनेच होते. अमेरिकेत सिएटलचे डॉ. एडवर्ड वॅग्नर यांनी १९९८ मध्येच मांडलं होतं की दीर्घकाळच्या आजारांसाठी दवाखान्याची घडीच वेगळी लागते. पेशंटांची यादी हवी, मदतनिसांमध्ये काम वाटलेलं हवं, पेशंटला स्वतःचा आजार सांभाळायला शिकवायला हवं. त्याच्याही आधी वेल्समध्ये ग्लिनकॉरग नावाच्या कोळसा खाणीच्या गावात डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाचे एक फॅमिली डॉक्टर होते. वस्ती असेल दोन हजारांची. या गृहस्थांनी १९६० च्या दशकात ठरवलं की गावातल्या प्रत्येक प्रौढ माणसाचा रक्तदाब मोजायचा. शिबिर भरवलं नाही. जो ज्या कारणाने दवाखान्यात येईल, खोकला असो की कमरेचं दुखणं, त्याचा बीपी घ्यायचा आणि लिहून ठेवायचा. जे येत नाहीत त्यांच्या मागे लागायचं. असं पंचवीस वर्षं केलं. त्याचा हिशेब १९९१ साली छापून आला तेव्हा शेजारच्या तशाच गावापेक्षा इथले अकाली मृत्यू कमी दिसले. काही मोठं यंत्र नाही, नवीन औषध नाही. वही होती, आणि चिकाटी.

तिथली सरकारी आरोग्यसेवा आहे, गावाला एकच डॉक्टर. माझं तसं नाही. माझ्या गल्लीत पाच दवाखाने आहेत आणि पेशंटने मला दिलेली फी ही त्या दिवशीच्या भेटीची असते. मी संध्याकाळी बसून न आलेल्यांची यादी केली, तर त्याचे पैसे कोणी देत नाही. त्याहून मोठी अडचण संकोचाची. डॉक्टरने पेशंटला फोन करून 'या' म्हणायचं म्हणजे गिऱ्हाईक बोलावल्यासारखं! आमच्याच एका डॉक्टर मित्राने मला विचारलं होतं, "क्या डाक्टर, गिराकी कम हो गई क्या?" खरं सांगतो, या एका वाक्याला भिऊन मी दोन महिने काहीच केलं नाही.

मग एके दिवशी सुलतान बाजारातून दोन वह्या आणल्या. एक लांबट हिशेबाची. तिच्यात माणशी एक पान. नाव, स्वतःचा फोन, मुलाचा किंवा सुनेचा फोन, आजार, औषधं, आणि रकाने : बीपी, साखर, तीन महिन्यांची साखर, क्रिएटिनिन, लघवीतलं प्रथिन, डोळ्यांचा पडदा, पाय. दुसरी वही साधी डायरी. पेशंट निघताना त्याची पुढची तारीख ठरवायची आणि डायरीत त्या तारखेच्या पानावर नाव लिहायचं. आला की बरोबरची खूण. दर गुरुवारी दुपारी मागच्या आठवड्याची पानं उघडायची, ज्या नावापुढे खूण नाही त्याला फोन. एवढंच. यापुढे जे सांगतो ते सगळं या दोन वह्यांतून निघालेलं आहे.

फोन मी करायचा नाही असं ठरलं. मी केला की लोक घाबरतात, रिपोर्टमध्ये काहीतरी निघालं म्हणून. फोन आमचे कंपाउंडर करतात. त्यांना सगळा मोहल्ला चिच्चा म्हणतो, मीसुद्धा. चिच्चांची भाषा अशी, "अम्मा, डाक्टर साब पूछरें, दो महिने से आए नैं करके." बस. का आला नाहीत, औषध बंद केलं का, असलं काही विचारायचं नाही. पूछरें, इतकंच.

पहिल्या गुरुवारी ते फोन घेऊन बसले. तीन नंबर बंद. एकाने सांगितलं, आम्ही दुसरीकडे दाखवतो. चौघी-पाचजणी "येते येते" म्हणाल्या. मग एका घरी मुलीने फोन उचलला. तिचे वडील आदल्या वर्षीच गेले होते, पक्षाघाताने. चिच्चांनी वही मिटली आणि त्या दिवशी पुढचे फोन केले नाहीत. मी त्या माणसाचं कार्ड काढून बघितलं. शेवटच्या भेटीत बीपी १७० होता. खाली माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'सीएसटी'.

हे सीएसटी काय ते तुम्हाला सांगायला हवं. जुन्या मुंबईकरांना स्टेशन आठवेल. आम्हा डॉक्टरांच्या भाषेत त्याचा अर्थ 'कंटिन्यू सेम ट्रीटमेंट', आहे तेच चालू ठेवा. लिहायला दोन सेकंद लागतात. आपल्याकडे पेशंटला डॉक्टरचा वेळ मिळतो तो साधारण दोन मिनिटांचा, असं २०१७ सालच्या एका आंतरराष्ट्रीय आढाव्यात दिसलं होतं. दोन मिनिटांत औषध बदलायचं म्हणजे समजावणं आलं, खर्च आला, "आता वाढवलं का?" हा प्रश्न आला. सीएसटी सोपं. मी माझी कार्डं नीट वाचली तेव्हा दिसलं की न येणाऱ्यांचं जेवढं नुकसान झालं, तेवढंच नियमाने येणाऱ्यांचंही मी केलं होतं. एक बाई चार वर्षं दर महिन्याला येत होत्या, फी देत होत्या, बीपी दर वेळी दीडशेच्या वर, गोळी तीच, मात्रा तीच. याला २००१ पासून आमच्या शास्त्रात नावही आहे, क्लिनिकल इनर्शिया. मराठीत मी त्याला डॉक्टरचा आळस म्हणतो.

आणि हा आळस महाग पडतो. इंग्लंडमधला मधुमेहाचा मोठा अभ्यास १९७७ मध्ये सुरू झाला, त्याचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले. त्यात मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही असलेल्यांचे दोन गट केले होते. एका गटात रक्तदाब कसून आटोक्यात ठेवला, दुसऱ्यात जरा सैल. दोन गटांत सरासरी फरक पडला फक्त दहाचा. १५४ च्या जागी १४४. त्या दहाने पक्षाघात ४४ टक्क्यांनी कमी झाले. आपण साखर साखर करत बसतो, आणि बीपीचं पाच-दहा चालायचंच म्हणतो.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे. सलग दोन भेटींत वरचा आकडा १४० च्या वर असेल तर सीएसटी लिहायचं नाही. एक तर औषध बदलायचं, किंवा का बदललं नाही ते लिहायचं. या लिहिण्याच्या कंटाळ्यानेच निम्मी औषधं वेळेवर बदलली जातात.

पण आकडा तरी खरा हवा. पूर्वी पेशंट रणरणत्या उन्हातून, स्कूटर लावून, धापा टाकत यायचा आणि मी त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळत विचारायचो, "काय, अमेरिकेतला मुलगा काय म्हणतो?" मग बीपी वाढणार नाही तर काय! आता बाहेर एक खुर्ची ठेवली आहे, पाठ टेकायची. पाच मिनिटं शांत बसायचं. पाय जमिनीवर, हात टेबलावर, गप्पा बंद. आधी अर्धा तास चहा नाही, तंबाखू नाही. चिच्चा दोन वेळा मोजतात आणि चिठ्ठीवर लिहून पाठवतात. मी ते काम सोडूनच दिलं आहे. मला मिळालेली ती तीन-चार मिनिटं मी बोलायला वापरतो.

आणि बोलायलाही नव्याने शिकावं लागलं. "गोळ्या घेता ना?" या प्रश्नाला जगात एकच उत्तर आहे, "हो." आता मी विचारतो, "आठवड्यात सातपैकी किती दिवस राहतात?" मग माणूस खरं सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली सांगितलं होतं की श्रीमंत देशांतसुद्धा दीर्घ आजाराची औषधं सरासरी निम्मेच लोक नीट घेतात. तेव्हा आपल्या मावशींनी दोन दिवस चुकवले तर त्यांनी गुन्हा केला नाही. का चुकवले ते महत्त्वाचं. एक शिंपी होते, ते गोळी एक दिवसाआड घ्यायचे. विसरून नाही. पाकीट दोन महिने पुरवायचं म्हणून. मला कधी सांगितलं नव्हतं, कारण मी कधी विचारलं नव्हतं. त्यांना त्याच औषधाची स्वस्त जेनेरिक गोळी जनऔषधी केंद्रातून लावून दिली. मी इतकी वर्षं कंपनीच्या नावाने लिहीत होतो, ही माझी सवय, आणि तिची किंमत तो शिंपी भरत होता.

तपासणीच्या आदल्या दोन दिवशी भात बंद करून, कडुनिंब खाऊन येणारे तर तुमच्यातही असतील. हसू नका, मला चेहरे दिसताहेत. त्या दिवशीची उपाशीपोटीची साखर छान येते. म्हणून ती तीन महिन्यांची, एचबीएवनसी म्हणतात ती, बघायची. रक्तातली तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते आणि तेवढ्या दिवसांची साखर अंगावर वागवते. तिला दोन दिवसांचा उपास फसवत नाही. ही तीन ते सहा महिन्यांनी एकदा. क्रिएटिनिन, लघवीतलं प्रथिन आणि डोळ्यांचा पडदा वर्षातून एकदा. याच्यापलीकडे ते 'संपूर्ण शरीर तपासणी'चे ऐंशी चाचण्यांचे पॅकेज सवलतीत मिळतं म्हणून करू नका. त्या ऐंशीत पायाची तपासणी नसते. पायाला काय लागतं? नायलॉनची एक जाड दोरीसारखी काडी, दहा ग्रॅमच्या दाबाला वाकणारी. डोळे मिटायला सांगून ती तळव्याला टेकवायची, कळलं का विचारायचं. मास्तरांच्या पायाला मी अशी काडी कधीच लावली नव्हती. पाच वर्षं ते माझ्यासमोर चपला घालून बसत आणि मी त्यांच्या कागदातली साखर बघत असे. आता मधुमेहाचा पेशंट आत येतो तो चपला बाहेर काढूनच.

मास्तर पुढे सहा वर्षं येत राहिले, रिक्षाने, कुबड्या घेऊन. भिंतीवर लावायला त्यांनीच एक चित्र काढून दिलं. मोठा तळपाय, बोटांच्या बेचक्या, टाच, कुठे कुठे रोज बघायचं तिथे तांबडे ठिपके. खाली मराठी, उर्दू आणि तेलुगूत मजकूर. तेलुगू अक्षर जरा तिरपं आलंय, ते त्यांनी शेजाऱ्याकडून गिरवून घेतलं होतं. २०२० मध्ये ते गेले. चित्र अजून आहे.

सगळंच जमलं असं मात्र समजू नका. शनिवारी संध्याकाळी मधुमेहींचा गट जमवून बोलायचं ठरवलं. पहिल्या आठवड्यात अकरा आले, तिसऱ्या आठवड्यात मी आणि चिच्चा. संगणकावर यादी घालण्याचा प्रयोग दोनदा फसला, मुलगा सुट्टीला आला की चालायचा, गेला की बंद. बायकांचं तर वेगळंच. नातवाचा ताप घेऊन तातडीने येतील, स्वतःच्या बीपीसाठी "सणवार होऊ दे". त्यांच्यासाठी शेवटी वेल्सच्या त्या डॉक्टरांचीच युक्ती कामाला आली. नातवाला घेऊन आलेल्या आजीचाही बीपी मोजायचाच. वहीतली कितीतरी नावं अशी मिळाली, ज्यांना आपल्याला बीपी आहे याचा पत्ताच नव्हता.

पैशाचं विचाराल तर गुरुवारच्या नुसत्या बीपी मोजण्याला मी फी घेत नाही. चिच्चांना त्या कामाचे वेगळे पैसे देतो. सुरुवातीला खिशातून गेले, पुढे जुनी माणसं परत यायला लागली, खर्च निघाला. श्रीमंत झालो नाही, पण दवाखाना बुडालाही नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आमचे डॉक्टर मित्र पहिली शंका हीच काढतात.

वहीची खरी परीक्षा झाली २०२० च्या मार्चमध्ये. टाळेबंदी लागली, दवाखान्यात यायला कोणी धजेना. पण दोन वह्या हातात होत्या. त्याच सुमारास, २५ मार्चला, सरकारने फोनवरून सल्ला देण्याचे नियम जाहीर केले. चालू औषध फोनवर पुढे लिहून देणं नियमात बसलं. चिच्चा त्यांच्या घरून, मी माझ्या घरून, रोज वीस-पंचवीस फोन. कोणाच्या गोळ्या किती उरल्या, याची यादी करून औषधवाल्याला द्यायची, त्याचा पोरगा पोचवायचा. वही नसती तर मी कोणाला फोन करणार होतो? बुटांची खोकी दवाखान्यात, दवाखान्याला कुलूप.

सरकारी दवाखान्यांत हे काम आपल्या आधी पोचलं आहे, हेही सांगतो. २०१७-१८ पासून रक्तदाबाचा जो कार्यक्रम सुरू झाला, त्यात पहिल्या पाच राज्यांत आपलं तेलंगण होतं, महाराष्ट्रही होता. प्रत्येकाचं कार्ड, औषधाच्या ठरलेल्या पायऱ्या, आणि न आलेल्यांना फोन. आपण मध्यमवर्गीय लोक सरकारी दवाखाना म्हटला की नाक मुरडतो. पण आपल्या फी देऊन गेलेल्या दवाखान्यात आपलं नाव कुठल्या यादीत आहे का, हे आपण कधी विचारलेलं नसतं. विचारा. मलाही विचारा. डॉक्टरला राग आला तर येऊ द्या.

आता मंडळाकडे वळतो. दर वर्षी आपण उत्सवात मोफत साखर-बीपी तपासणी शिबिर घेतो. मीच असतो टेबलावर. गेल्या वर्षी रांग पार फाटकापर्यंत होती. ज्यांची साखर जास्त निघाली त्यांना चिठ्ठी दिली, डॉक्टरांना दाखवा. फोटो निघाले, स्मरणिकेत छापले. त्यातले किती जण डॉक्टरकडे गेले? मला माहीत नाही. कार्यकारिणीला माहीत नाही. म्हणजे मास्तरांच्या बाबतीत मी जे केलं, तेच आपण सगळ्यांनी मिळून केलं.

म्हणून मी यंदा कार्यकारिणीकडे एक मागणं केलं आणि त्यांनी ते मान्य केलं आहे. उद्यापासून अनंत चतुर्दशीपर्यंत संध्याकाळी मांडवाच्या मागे टेबल असेल. रांग लावायची नाही, आधी पाच मिनिटं खुर्चीत बसायचं. ज्यांचा आकडा जास्त येईल त्यांचं नाव आणि फोन, त्यांची तयारी असेल तरच, एका वहीत लिहायचा. ती वही चिटणीसांच्या कपाटात राहील, आकडे कोणाला दाखवायचे नाहीत. आणि एक महिन्याने, दसरा झाला की, मंडळाच्या दोन भगिनी फोन करतील. त्या विचारतील, "डॉक्टरांना दाखवलंत का?" तुम्ही कुठल्याही डॉक्टरकडे जा, माझ्याकडेच या असं नाही. नाही गेलात तर दिवाळीनंतर पुन्हा फोन येईल. रागवणार कोणी नाही, ते त्यांना शिकवून ठेवलं आहे.

दोन भगिनींची नावं आली आहेत. आणखी दोघी हव्यात, शक्यतो एकीला तेलुगू चांगलं येणारी, कारण आपल्या मांडवात आता शेजारचे तेलुगू लोकही येतात. नावं चिटणीसांकडे द्यावीत. मला खुणा होताहेत, आरतीची तबकं आली आहेत. मोदक मीही एक खाणार आहे, त्याची नोंद उद्या टेबलावर होईलच.